बाहेरून ऑइल कूलर बसवलेल्या गाडीचं ऑइल घरी बदलताना

सेकंडहँड गाडी घेतली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या पुढ्यात एक छोटा, पातळ पत्र्यांच्या घड्यांचा ठोकळा दिसला, त्यातून निघून इंजिनखाली गेलेले दोन जाड पाईप दिसले, तर आधीच्या मालकाने ऑइल कूलर बसवून घेतलाय असं समजा. रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनाच्या संगणकात बदल करून ताकद वाढवलेली टर्बो गाडी, ट्रॅकवर नेलेली गाडी, मे महिन्यात माणसं-सामान भरून घाट चढणारी गाडी, यांचं ऑइल फार तापतं म्हणून ते थंड करायला लोक तो बसवतात. चांगलीच गोष्ट आहे. पण पहिल्यांदा ऑइल बदलायची वेळ आली की गोंधळ उडतो. गाडीच्या पुस्तकात साडेतीन लिटर लिहिलंय, मित्र म्हणतो कूलर आहे तर चार घाल, आणि ऑइलची पातळी मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, तिसरंच काहीतरी दाखवते. गंमत म्हणजे तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कूलर तुम्ही रिकामा केलाय की नाही, एवढ्यावरच सगळं ठरतं.

ऑइल जातं कुठून कुठे

साध्या गाडीत पंप चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या टाकीतलं, ऑइल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि इंजिनभर फिरवतो. बाहेरचा कूलर बसवताना फिल्टर काढून त्याच्या जागी ॲल्युमिनियमची एक जाड चकती लावतात आणि फिल्टर त्या चकतीवर चढवतात. ब्लॉक आणि फिल्टर यांच्या मधोमध बसते म्हणून तिला सँडविच प्लेट म्हणतात; वडापाव प्लेट म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिच्या बाजूला दोन तोट्या असतात. एकीतून ऑइल कूलरकडे जातं, दुसरीतून परत येतं. बऱ्याच प्लेटमध्ये छोटा थर्मोस्टॅट असतो, तो साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो. तोवर बहुतेक ऑइल कूलरला वळसा घालून परस्पर इंजिनात जातं.

आता चेंबरच्या बुडाचा ड्रेन बोल्ट काढला की चेंबरमधलं ऑइल खाली येतं. कूलरमधलं येत नाही. ते वर, बंपरमागे, पाईपांत अडकून राहतं. किती? आतून १४ मिलिमीटर व्यासाच्या पाईपात मीटरभर लांबीला सुमारे १५० मिलिलिटर ऑइल मावतं. ऐंशी-ऐंशी सेंटिमीटरचे दोन पाईप धरले तर पाव लिटर तिथेच झालं. वर कूलरच्या पोटातलं वेगळं, ते त्याच्या आकारावर. एकूण अर्धा ते पाऊण लिटर धरून चाला.

आपल्या हिशोबासाठी कूलर आणि पाईप मिळून ६०० मिली धरू, आणि पुस्तकातला आकडा फिल्टरसकट ३.५ लिटर. कूलरला हात न लावता ऑइल बदललंत, तर आत घालायचं ते साडेतीनच. कूलर आधीच भरलेला आहे, त्याला वेगळं पाजायची गरज नाही. मित्राचं ऐकून चार लिटर घातलं तर अर्धा लिटर जास्त होतं, आणि जास्त ऑइल कमी ऑइलइतकंच वाईट. फिरती क्रँक त्यात बुडते, ताक घुसळावं तसं ऑइल घुसळलं जातं, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. याउलट कूलर पूर्ण रिकामा करून पुन्हा बसवलात आणि साडेतीनच घातलंत, तर गाडी चालू झाल्यावर त्यातलं ६०० मिली कूलर पिऊन टाकतो आणि चेंबर उपाशी राहतो.

मग दर वेळी कूलर रिकामा करावा का? माझं मत, नाही. ४.१ लिटरमधलं ६०० मिली जुनं राहिलं म्हणजे सातवा हिस्सा. नव्या ऑइलमध्ये तेवढं मिसळल्याने इंजिनाचं काही बिघडत नाही. पाईपांचे ॲल्युमिनियमचे नट दर सहा महिन्यांनी उघडले-आवळले तर मात्र कधीतरी गळती लागणारच. सातव्या हिश्श्याची फारच रुखरुख लागत असेल तर पुढचं ऑइल हजार-दोन हजार किलोमीटर आधी बदला, झालं.

कूलर उघडायचा तो काही ठरावीक प्रसंगी. गाडी नवी घेतलीय आणि आधीच्या मालकाने कुठलं ऑइल घातलं होतं याचा पत्ता नाही, तेव्हा. पाईप चिरलाय, बदलायचाय, तेव्हा. आणि ऑइलमध्ये पाणी किंवा डिझेल-पेट्रोल मिसळल्याचं कळलं, तेव्हा. इंजिनाचं बेअरिंग गेलं असेल, ऑइलमध्ये धातूची चमक दिसत असेल, तर कूलर धुऊन परत लावायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या बारीक नळ्यांत अडकलेला कीस धुण्याने निघत नाही आणि नव्या इंजिनात तोच पहिला जातो. सरळ नवा कूलर घ्या.

सामान आणतानाच चूक होते ती फिल्टरची

ऑइल पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच घ्या. कूलर लावला म्हणून जाड ऑइल घालायची गरज नसते. उलट कूलरमुळे ऑइल कमी तापतं, म्हणजे ते आधीच थोडं जाड राहतं. साडेतीन लिटरच्या गाडीला पाच लिटर आणून ठेवा, उरलेलं वर भरायला कामी येतं. ड्रेन बोल्टचं नवं वायसर घ्या. दहा-वीस रुपयांच्या वायसरसाठी जुनंच वापरून मग खाली रोज एक थेंब बघत बसायचं, हे मी करून झालंय.

खरी मेख फिल्टरच्या आट्यांत आहे. बाजारातल्या सँडविच प्लेट वेगवेगळ्या आट्यांच्या येतात. काही एम २० बाय १.५ च्या (२० मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर), काही पाऊण इंची, इंचाला १६ आटे असलेल्या, काही एम १८ आणि एम २२ च्याही. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि दुसरा २० मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच. २० मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंची तोटीवर चढतोसुद्धा, आवळल्यासारखा वाटतो, आणि थंड इंजिनाचा चार-पाच बारचा दाब आला की सुटून येऊ शकतो. तुमच्या मॉडेलचा फिल्टर कुठला हे दुकानदाराला पाठ असतं, पण तुमच्या प्लेटचे आटे कुठले हे त्याला माहीत नसतं. म्हणून पहिल्या वेळी गाडीवरच्या फिल्टरचा नंबर वाचा, फोटो काढा, तो दुकानात दाखवा. चढवताना रबर टेकायच्या आधी फिल्टर बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि अजिबात लडबडता कामा नये. लडबडला तर आटे चुकीचे.

आणखी एक बघायचं. प्लेटच्या जाडीमुळे फिल्टर दोन-अडीच सेंटिमीटर खाली येतो. तो चेंबरच्याही खाली लोंबत असेल तर आपल्याकडच्या गतिरोधकांवर त्याचा निकाल लागलाच म्हणून समजा. त्याच आट्यांचा आखूड फिल्टर मिळतो का ते विचारा.

बाकी सामान नेहमीचं. ड्रेन बोल्टच्या मापाची गोटी आणि दांडा, फिल्टर पाना, जमल्यास टॉर्क रेंच (आवळायचा जोर मोजणारा पाना), नरसाळं, पाच लिटर सहज मावेल असं पसरट घमेलं, भरपूर चिंध्या, टॉर्च, हातमोजे. जुन्या ऑइलचे मोकळे कॅन असतील तर टाकू नका. त्यांच्या बाजूला लिटरच्या खुणा असतात आणि मोजायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

गाडी उचलणं

हे थोडक्यात, पण हयगय नको. सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. गाडी जॅकने उचला पण जॅकवर ठेवू नका, दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड) लावा आणि जॅक उतरवून गाडी घोड्यांवर टेकवा. मग गाडीला धरून जोरात हलवून बघा. हलली तर खाली जायचं नाही. घोड्या नसतील तर ओळखीच्या गॅरेजवाल्याचा खड्डा तासभर मागा, त्याला चहा पाजा.

ऑइल काढणं

आधी पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवून आणा. काट्यावर पाण्याचं तापमान दहा मिनिटांत मध्यावर येतं, ऑइल मात्र त्याच्या मागून रमतगमत तापतं. थर्मोस्टॅट उघडून कूलरमधलं ऑइलही सगळ्यांत मिसळायला हवं, म्हणजे जे थोडं मागे राहील ते निदान गाळ बसलेलं नसेल. आल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. हाताला चांगलं गरम लागेल पण भाजणार नाही, असं ऑइल हवं.

ऑइल भरायचं झाकण वरून सैल करा, म्हणजे खाली धार नीट पडते. घमेलं बोल्टच्या थोडं पुढे ठेवा, कारण पहिली धार सरळ खाली न पडता लांब जाते. बोल्ट शेवटच्या आट्यांवर हाताने फिरवताना आत दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या. घमेल्यात पडलाच तर पडू द्या, गरम ऑइलमध्ये हात घालून शोधू नका. आणि अर्धा तास सोडून द्या. तेवढ्यात बाकी बघून घेता येतं.

काय बघायचं? पाईप. स्टीलची जाळी गुंडाळलेले पाईप दिसायला देखणे, पण ती जाळी म्हणजे कानसच आहे. रेडिएटरच्या कडेला, पट्ट्याला, वायरिंगला जिथे घासते तिथे वर्षभरात खाच पाडते. जिथे पाईप कशाला टेकलाय तिथे जुन्या सायकलची ट्यूब कापून गुंडाळा आणि टाय मारा. पाईपांच्या टोकांना ऑइलचा ओलावा आहे का, धूळ चिकटून काळा थर झालाय का ते बोट फिरवून बघा. कूलरच्या पत्र्यांत किडे-चिखल भरला असेल तर पाण्याच्या मंद धारेने मागून पुढे धुवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने पत्रे लोळवू नका.

धार थेंबांवर आली की नवं वायसर घालून बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवा, मग आवळा. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर जोर दाखवायची जागा ही नव्हे. आटे गेले तर चेंबर उतरवावा लागतो. पुस्तकात टॉर्क दिलेला असतो, लहान गाड्यांना बहुधा २५ ते ४० न्यूटन मीटरच्या आत. तोच पाळा.

फिल्टर, आणि माझी फजिती

फिल्टर सोडवायच्या आधी प्लेट आणि ब्लॉक यांच्यावर मिळून रंगाची एक आडवी रेघ मारा. नेलपॉलिश चालतं. कारण फिल्टर जाम झाला असेल तर तो फिरवताना त्याच्याबरोबर प्लेट किंवा तिचा मधला पोकळ बोल्टही सैल होऊ शकतो. रेघ तुटली म्हणजे प्लेट हलली. मग मधला बोल्ट प्लेट बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कवर पुन्हा आवळायचा, आणि शंका असेल तर प्लेट उतरवून तिच्यामागची ओ-रिंग बदलायची. ही ओ-रिंग वर्षानुवर्षं उष्णतेत कडक होते. प्लेटच्या मागच्या बाजूला घाम सुटलेला दिसला की बहुतेक वेळा तीच दोषी.

फिल्टर निघाला की त्याच्या तोंडाकडे बघा: काळी रबरी रिंग त्याच्यावर आहे ना? मी पहिल्यांदा बघितलं नव्हतं. ती रिंग प्लेटला चिकटून राहिली होती. काळी रिंग, काळवंडलेली प्लेट, डोक्यावर अंधार. त्यावरच नवा फिल्टर चढवला, त्याची स्वतःची रिंग धरून दोन झाल्या. गाडी चालू केली, दोन-तीन सेकंद सगळं शांत, आणि मग फिल्टरच्या कडेने ऑइलचा पंखा उडाला. चावी फिरवून बंद करेपर्यंत नव्याकोऱ्या ऑइलचं तळं सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वॉचमनकाकांनी कोपऱ्यावरच्या सुताराकडून भुशाचं पोतं आणून दिलं म्हणून निभावलं. तेव्हापासून प्लेटच्या तोंडावरून चिंधी आणि बोट दोन्ही फिरवल्याशिवाय मी नवा फिल्टर हातात घेत नाही.

नव्या फिल्टरच्या रिंगला नवं ऑइल बोटाने लावा. फिल्टरचं तोंड वर येत असेल तर तो अर्धा-पाऊण भरून घ्या. आडवा बसत असेल तर भरायचा हट्ट नको, सगळं बाहीत जाईल. रिंग टेकेपर्यंत हाताने, मग पाऊण फेरा आणखी. पान्याने पिळायचा नाही.

कूलर उघडायचाच असेल तर

खालून कूलरकडे जाणारे पाईप नक्की फिल्टरच्या प्लेटकडूनच आलेत ना, हे आधी बोटाने माग काढत बघा. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचाही कूलर तिथेच शेजारी असू शकतो.

पाईपाचा नट सोडवताना दोन पाने लागतात. एकाने कूलरची तोटी धरायची, हलू द्यायची नाही. दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर पातळ ॲल्युमिनियमची तोटी मुळातून पिळवटते, आणि मग कूलरच जातो. नट मऊ असतात म्हणून पाना घट्ट बसणारा हवा, पक्कड अजिबात नको.

तोट्या खाली असतील तर ऑइल आपोआप उतरतं. बऱ्याचदा त्या वर ठेवलेल्या असतात, आत हवा अडकू नये म्हणून, आणि ते योग्यही आहे. पण मग पाईप काढले तरी कूलरचं पोट भरलेलंच राहतं, तो उतरवून उपडा करावा लागतो. कंप्रेसरची हवा मारून ऑइल उडवू नका. टायरच्या दुकानातल्या हवेचा जोर कूलरला झेपेलच असं नाही, आणि उडालेलं ऑइल भिंतीवरून पुसायला कोणी येत नाही.

जे निघेल ते वेगळ्या कॅनमध्ये मोजून घ्या. पाईप जोडताना नट हाताने पूर्ण चढवा, मग दोन पान्यांनी आवळा.

भरणं आणि पहिलं स्टार्ट

कूलर उघडला नसेल तर पुस्तकातला फिल्टरसकटचा आकडा बघा आणि त्याहून अर्धा लिटर कमी घाला. डिपस्टिक पुसून बघा, मग थोडं थोडं करत वरच्या खुणेच्या किंचित खाली आणा. इंजिन चालू करा. ऑइलचा दिवा चार-पाच सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर बंद करा. विझला की एक-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवा, रेस करू नका, आणि टॉर्च घेऊन प्लेट, फिल्टर, बोल्ट, दोन्ही पाईपांची चारही टोकं बघा. बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा डिपस्टिक. फिल्टर भरल्यामुळे पातळी थोडी उतरलेली असेल, तेवढं भरा.

कूलर रिकामा केला असेल तर मोजून निघालं तेवढं जास्तीचं हाताशी ठेवा, पण एकदम ओतू नका. आधी नेहमीचं माप भरा. मग फ्यूएल पंपाचा फ्यूज काढा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा, थोडं थांबा, पुन्हा मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. इंजिन पेटत नाही, बेअरिंगवर जोर येत नाही, आणि पंपाला रिकाम्या वाटा भरायला वेळ मिळतो. बॅटरी अशक्त असेल तर आधी चार्ज करून घ्या. मग फ्यूज लावून गाडी चालू करा.

इथे एक फसगत होते. थर्मोस्टॅट अजून बंद असतो, म्हणून रिकाम्या कूलरमध्ये फारसं ऑइल गेलेलंच नसतं. डिपस्टिक बरोबर दाखवते, तुम्ही हात धुऊन मोकळे होता, आणि दुसऱ्या दिवशी खंबाटकी चढताना थर्मोस्टॅट उघडतो आणि अर्धा लिटर ऑइल कूलरमध्ये जातं. म्हणून लगेच, घराजवळच, वीसेक किलोमीटर संथ फिरवून आणा. परत आल्यावर कूलरला हात जवळ नेऊन बघा. ऊब लागली म्हणजे ऑइल तिथवर पोचलं. लागली नाही तर आणखी फिरवा. मग सपाट जागी दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघा आणि उरलेलं भरा. खरं माप ते.

पुढेही माप नेहमी एकाच तऱ्हेने घ्या. काही गाड्यांत रात्रभरात कूलरमधलं थोडं ऑइल चेंबरमध्ये उतरू शकतं, म्हणून सकाळचं माप संध्याकाळपेक्षा किंचित वर दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्च घेऊन खाली बघा. पार्किंगच्या जागी रात्री पुठ्ठा टाकून ठेवला तर थेंब कुठून पडतो हेही सकाळी कळतं.

कूलर आहे म्हणून ऑइल बदलायचं अंतर वाढवू नका. शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, तेही प्लेटला थर्मोस्टॅट नसेल तर, ऑइल पुरेसं तापतच नाही. त्यातली वाफ उडून जात नाही आणि झाकणाखाली पिवळसर लोणी जमतं. असं दिसलं तर आठवड्यातून एकदा गाडीला हायवे दाखवा, आणि ऑइल वेळेआधीच बदला.

जुन्या ऑइलचं काय

गावाकडे जळक्या ऑइलला मागणी फार. वाळवी लागू नये म्हणून खांबांना, सेंटरिंगच्या फळ्यांना, फाटकाच्या बिजागऱ्यांना. मागायला कोणी ना कोणी येतंच. देऊ नका; ते मातीत आणि विहिरीत उतरतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. आपल्यापुरता सोपा मार्ग म्हणजे कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, ज्या गॅरेजमधून असा खरेदीदार पिंप उचलतो तिथे नेऊन देणं. बहुतेक जण आनंदाने घेतात, त्यांना त्याचे पैसे मिळतात.

पण देण्याआधी किती निघालं ते कॅनच्या खुणेवर वाचा. माझ्या बॉनेटच्या आतल्या बाजूला पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटवलेला आहे. त्यावर तारीख, किलोमीटर, फिल्टरचा नंबर, किती काढलं, किती घातलं, आणि शेवटी ‘कू. उ.’ (कूलर उघडला) किंवा ‘कू. नाही’. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात असली तरी त्याला मित्राला विचारावं लागणार नाही.